बांगडीचे माप आणि रक्तातला आकडा: ॲक्रोमेगॅलीच्या एका रुग्णाचे प्रकरण

तासगाव तालुक्यातल्या एका गावाहून या बाई माझ्या मिरजेच्या दवाखान्यात पहिल्यांदा आल्या त्या रक्तातली साखर वाढल्याचा कागद घेऊन. वय ४६, शिक्षण चौथीपर्यंत, घरची दीड एकर द्राक्षबाग आणि हंगामात दुसऱ्यांच्या बागेत रोजाने विरळणीला, म्हणजे घडांतले जादा मणी कापून काढायला जाणे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. हाताला मुंग्या येतात, गुडघे दुखतात, घामाने पोलके भिजते, कपाळ ठणकते आणि अलीकडे विरळणीची कात्री बोटांत बसत नाही, अशा तक्रारी त्यांनी एकामागून एक सांगितल्या. त्यांपैकी शेवटची तक्रार मी त्या दिवशी कानाआड केली, हे आधीच नोंदवून ठेवते. मुंग्यांसाठी त्यांना यापूर्वी दोन ठिकाणी बी-१२ ची इंजेक्शने मिळाली होती, गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या मिळाल्या होत्या आणि ४३ व्या वर्षी थांबलेली पाळी वयामुळे गेली असे समजून तिच्याकडे कोणी पुन्हा पाहिले नव्हते. एकेका तक्रारीवर औषध मिळत गेले, पण साऱ्या तक्रारींची मोळी कोणी बांधली नाही. (त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

माझे लक्ष गेले ते त्यांच्या मनगटांकडे. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि दोन्ही हात मोकळे. आपल्याकडे सवाष्णीचे हात असे मोकळे सहसा दिसत नाहीत, म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, "चढंनात, मॅडम. कासारीण म्हणाली, दोन-दहा बी बसंना आता, हात दाखवा कुणाला तरी." हा सल्ला त्यांना गेल्या संक्रांतीला मिळाला होता, आणि त्यांनी तो थट्टेवारी नेला होता.

कासाराच्या मापाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या प्रकरणातील पहिली विश्वासार्ह मोजणी तीच आहे. बांगडीचा आतला व्यास इंच आणि इंचाचे सोळावे भाग यांत सांगतात. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. बांगडी राहते मनगटात, पण ती चढवावी लागते पंजाच्या सर्वांत रुंद भागावरून, त्यामुळे कासाराचे माप हे प्रत्यक्षात पंजाचे माप असते. लग्नात दोन-चार, थोरल्याच्या बारशाला तेच, सात-आठ वर्षांपूर्वी दोन-सहा, मग दोन-आठ, आणि शेवटी साबणाचे पाणी लावून, अंगठा आत दुमडून, पंजा दाबूनही दोन-दहा गाठीवर अडकली. म्हणजे हाडे वाढण्याचे वय केव्हाच संपलेल्या बाईचा पंजा पाव इंचापेक्षा बराच अधिक रुंदावला होता. जोडवी दोन वर्षांपूर्वी सोनाराकडे कापून काढली होती आणि चप्पल आता नवऱ्याच्या मापाची घेत होत्या. त्यांच्या पिशवीत आधार कार्ड होते. त्यावरचा जुना फोटो आणि समोरचा चेहरा शेजारी धरल्यावर कपाळाच्या कडा, नाकाचा फुगवटा, पुढे आलेला खालचा जबडा आणि दातांमधल्या फटी यांविषयी शंका उरली नाही.

फ्रेंच डॉक्टर पिएर मारी यांनी १८८६ साली या विकाराचे वर्णन करून त्याला ॲक्रोमेगॅली, म्हणजे शरीराची टोके मोठी होणे, असे नाव दिले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत साधी, कर्करोग नसलेली गाठ होते, ती वाढीचे संप्रेरक अतोनात सोडत राहते, आणि त्याच्या प्रभावाने यकृत आयजीएफ-१ हा पदार्थ जास्त बनवते. वाढीचे संप्रेरक दिवसभरात लहरींनी येते, त्यामुळे त्याची एकच मोजणी फारशी कामाची नसते. आयजीएफ-१ त्या मानाने स्थिर असतो आणि वयानुसार ठरलेल्या वरच्या मर्यादेशी त्याची तुलना करता येते. या बाईंचा आयजीएफ-१ त्या मर्यादेच्या ३.१ पट निघाला आणि एमआरआयमध्ये १७ मिलिमीटरची गाठ दिसली. १० मिलिमीटरपासून पुढची गाठ मोठी समजतात, आणि मोठ्या गाठीत शस्त्रक्रियेने पूर्ण सुटका होण्याची खात्री कमी असते.

हे सगळे नवऱ्याला समजावताना माझी थोडी त्रेधा उडाली, पण त्यांनीच वाट काढली. "म्हणजे जीएचं डिपिंग जास्त झालंय म्हणा की," ते म्हणाले. द्राक्षपट्ट्यात जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड आणि डिपिंग म्हणजे त्याच्या द्रावणात घड बुडवणे, हे कोणाला सांगावे लागत नाही. घड लांबवायला आणि मणी फुगवायला हेच वनस्पतींचे वाढीचे संप्रेरक वापरतात आणि मात्रा चुकली की काय होते हे प्रत्येक बागायतदाराने एकदा तरी भोगलेले असते. मी ही उपमा पुढेही वापरली, विशेषतः एक कटू गोष्ट सांगताना. फुगलेला मणी जीए थांबवल्याने लहान होत नाही. शस्त्रक्रियेनंतर त्वचेखालची सूज उतरते, कित्येकदा काही दिवसांतच, पण वाढलेले हाड आणि झिजलेली कूर्चा मागे येत नाही. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर पुढे रक्ताचा अहवाल उत्तम आला तरी रुग्णाला आपण फसवले गेलो असे वाटते.

काय मोजायचे आणि कोणासमोर

ऑगस्टमध्ये पुण्यात नाकावाटे शस्त्रक्रिया ठरली. त्याआधी मी दोन प्रकारच्या नोंदी करायचे ठरवले. एक, लक्षणांची: डोकेदुखी, घाम, सांधेदुखी, थकवा, अंगावरची सूज आणि हातापायांच्या मुंग्या या सहा लक्षणांना रुग्णाने स्वतः ० ते ८ असे गुण द्यायचे, ० म्हणजे त्रास नाही आणि ८ म्हणजे असह्य. दुसरी, जीवनमानाची: त्यासाठी स्पेनमध्ये सुसान वेब, झेवियर बादिया व सहकाऱ्यांनी तयार केलेली आणि २००२ साली प्रसिद्ध झालेली ॲक्रोक्यूओएल ही प्रश्नावली घेतली. तिच्यात २२ विधाने आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. आठ विधाने शरीराच्या कामांविषयी, सात दिसण्याविषयी आणि सात नातेसंबंधांविषयी. एकूण गुण २२ ते ११० च्या दरम्यान येतात. त्यांतून २२ वजा करून ८८ ने भागले आणि १०० ने गुणले की ० ते १०० ची पट्टी मिळते, जिच्यावर १०० सर्वांत चांगले. लक्षणांच्या पट्टीवर जास्त गुण म्हणजे जास्त त्रास आणि जीवनमानाच्या पट्टीवर जास्त गुण म्हणजे कमी त्रास, हे दोन्ही कागद एकत्र वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते.

मी विधाने तोंडी, मराठीत आणि तीही तासगावच्या मराठीत विचारली. रीतसर भाषांतराची पद्धत वेगळी असते: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, ते जुळवायचे, तिसऱ्याने ते मूळ भाषेत उलटे न्यायचे आणि मग काही रुग्णांना वाचून दाखवून त्यांना काय कळले ते विचारायचे. मी त्यातले काहीही केले नाही, म्हणून या लेखातील आकडे याच बाईंच्या आधीच्या-नंतरच्या तुलनेसाठी आहेत. ते दुसऱ्या रुग्णाच्या आकड्यांशेजारी मांडू नयेत.

पहिली अडचण शून्य ते आठ याच पट्टीची आली. गुडघे किती दुखतात, तर "लई". थकवा किती, तर "हाय की". आकडा सांगा म्हटले की त्या माझ्याकडे पाहून मला काय हवे आहे याचा अंदाज घेत. मग त्यांच्याच बोलण्यात शब्द सापडला. मागच्या इंजेक्शनांनी मुंग्यांना किती फरक पडला होता असे विचारले, तर म्हणाल्या, "दोन आणे." रुपयाचे सोळा आणे बाजारातून जाऊन कित्येक पिढ्या झाल्या, पण दुखणे आमच्याकडे अजून आण्यांतच मोजतात. सोळा आणे म्हणजे असह्य, आठ आणे म्हणजे निम्मे, आणि पट्टीवरचा एक गुण म्हणजे दोन आणे. एवढे ठरल्यावर उत्तरे न अडखळता आली: घाम बारा आणे, सूज चौदा, मुंग्या बारा, सांधे बारा, डोके दहा, थकवा दहा. म्हणजे ६, ७, ६, ६, ५, ५. बेरीज ४८ पैकी ३५.

दुसरी अडचण काळाची. गेल्या चार आठवड्यांत किती वेळा, हा प्रश्न हवेत विरत होता; "गेल्या चार बाजारांत" म्हटल्यावर तो जमिनीवर आला, कारण आठवडी बाजाराचा दिवस प्रत्येक बाईला आठवतो, आणि त्या दिवशी पिशवी कोणी उचलली हेही. प्रश्नावलीतल्या पाच पायऱ्यांपैकी 'कधीकधी' आणि 'क्वचित' यांच्यातला फरक मात्र शेवटपर्यंत नीट उतरला नाही. 'क्वचित' हा छापील शब्द आहे. त्याऐवजी मी "कवातरी एखाद्या बारीला" असे म्हणत गेले, आणि प्रत्येक वेळी तेच शब्द वापरायचे हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले. मोजपट्टी वाकडी असली तरी चालते, पण दर वेळी तीच पट्टी हवी.

तिसरी अडचण मी ओळखायला उशीर केला. पहिल्या बैठकीत सासूबाई शेजारी बसल्या होत्या. शरीराच्या आठ विधानांना ४० पैकी १८ गुण आले, दिसण्याला ३५ पैकी १४, आणि नातेसंबंधांना ३५ पैकी चक्क २६. लोक टाळतात का, चारचौघांत जायला नको वाटते का, आजारामुळे माणसे दुरावली का, साऱ्याला "न्हाई, न्हाई." नवरा-बायकोच्या संबंधांविषयीचे विधान तर मी वाचलेच नाही, मनाने मधला आकडा टाकला. दोन दिवसांनी टाके-पट्टीच्या खोलीत त्यांना एकट्या बसवून तोच भाग पुन्हा विचारला. हळदीकुंकवाला जाणे तीन वर्षांपूर्वी बंद केले होते, कारण वाण घेताना हात पुढे करावा लागतो. दिराच्या मुलाच्या लग्नातल्या फोटोत त्या शेवटच्या रांगेत, पदर हनुवटीवरून घेऊन उभ्या होत्या. गळ्यातून आवाज जाड येतो म्हणून फोन सूनच उचलते. आणि जे विधान मी गाळले होते, त्याचे उत्तर त्यांनी मान खाली घालून पण ताबडतोब दिले. तो प्रश्न कोणीतरी विचारण्याची त्या वाट पाहत असाव्यात. नातेसंबंधांचे गुण २६ वरून १९ झाले, एकूण ५८ वरून ५१, आणि शंभराच्या पट्टीवर जीवनमान ४०.९ वरून ३३.० वर आले. दोन दिवसांत आजार काडीनेही बदलला नव्हता. मी ३३.० हाच प्रारंभीचा आकडा धरला.

नोव्हेंबर

शस्त्रक्रिया नीट पार पडली. तिसऱ्याच दिवशी बोटे सैल झाली असे त्या सांगत होत्या. बारा आठवड्यांनी आयजीएफ-१ मर्यादेच्या १.४ पट होता, म्हणजे खूप उतरला होता पण पुरेसा नाही. एका बाजूला चिकटलेला गाठीचा अंश काढता आला नव्हता. म्हणून डिसेंबरपासून वाढीच्या संप्रेरकाला आवर घालणाऱ्या, हळूहळू सुटणाऱ्या ऑक्ट्रिओटाइड एलएआर या औषधाचे २० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर २८ दिवसांनी सुरू केले. जीवनमान मात्र छान वर आले होते: शरीर २४, दिसणे १९, नाती २२, एकूण ६५, पट्टीवर ४८.९. कासारणीने दोन-आठ बांगड्या भरल्या आणि त्या दवाखान्यात येऊन त्यांनी मला मुद्दाम वाजवून दाखवल्या.

त्या आकड्यावर मी खूश झाले, आणि इथे दोन गोष्टी माझ्या नजरेतून सुटल्या. नोव्हेंबर हा आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतरच्या धांदलीचा काळ, विरळणी आणि डिपिंग ऐन जोरात. पण डॉक्टरांनी ओझे उचलायला मनाई केलेल्या बाईला घरच्यांनी बागेत पाऊल टाकू दिले नव्हते. ४८.९ हा आकडा उपचाराचा होता तसाच विश्रांतीचाही होता. दुसरी चूक अधिक गंभीर आणि पूर्णपणे माझी. पीयूषिका ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर थायरॉइड, कॉर्टिसॉल वगैरे इतर संप्रेरके तपासावीच लागतात. त्यांनी आणलेल्या अहवालात टीएसएच २.१ होते, नेहमीच्या मर्यादेत. मी त्यावर बरोबरची खूण करून पुढे गेले. थायरॉइडला हुकूम देणारे टीएसएच हे पीयूषिकेचेच संप्रेरक आहे. हुकूम देणारीच दुबळी झाली असेल तर टीएसएच मर्यादेत दिसूनही थायरॉइड उपाशी असू शकते, आणि अशा वेळी फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, पाहावे लागते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे.

जूनमधले दोन विरुद्ध कागद

सहा इंजेक्शनांनंतर जूनमध्ये आयजीएफ-१ मर्यादेच्या ०.९ पट आला. कागदोपत्री आजार आटोक्यात. लक्षणांची बेरीजही ३५ वरून १८ वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आली होती. फाईल बंद करून सहा महिन्यांनी या म्हणावे, अशी सगळी चिन्हे होती.

जीवनमानाचा कागद त्या दिवशी गर्दीमुळे माझ्या सहायिकेने भरून घेतला आणि मी तो संध्याकाळी पाहिला. शरीर १६, दिसणे १८, नाती २०. एकूण ५४, पट्टीवर ३६.४. म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीच्या ३३.० च्या जवळ परत. शरीराच्या भागाची वेगळी शंभराची पट्टी काढली तर तिच्यावर २५.० एवढीच पातळी होती, शस्त्रक्रियेपूर्वीच्या ३१.३ हूनही खाली.

पहिला विचार आला तो सोपा होता. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली, मे महिन्यात फुटव्यांची विरळणी, त्या बागेत परत जाऊ लागल्या होत्या आणि यंदा उन्हाळाही कडक होता, दमल्या असतील. ही समजूत चुकीची म्हणता येत नव्हती, फक्त अपुरी होती. मग लक्षणांची ती समाधानकारक बेरीज मी सुटी करून पाहिली. घाम ६ वरून ०. सूज ७ वरून २. मुंग्या ६ वरून २. डोकेदुखी ५ वरून १. सांधे ६ वरून ५. आणि थकवा ५ वरून ८, म्हणजे सोळा आणे. पाच लक्षणांनी मिळवलेल्या नफ्याखाली सहाव्याचे दिवाळे बेरजेत दडून गेले होते. बेरीज करणे सोयीचे असते, पण घामाचा एक गुण आणि थकव्याचा एक गुण हे एकाच नाण्याचे आहेत असे आपण त्या क्षणी गृहीत धरतो. रोजाने जाणाऱ्या बाईच्या बाबतीत ते अजिबात खरे नाही; घाम आला तरी रोज मिळतो, उभे राहता आले नाही तर मिळत नाही.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले आणि कोणताही कागद पुढे न घेता विचारले, की दिवस कसा जातो. उठवत नाही, जिना चढताना मांड्या लटपटतात, पोट साफ होत नाही, असे सांगता सांगता नवरा सहज बोलून गेला, "मे महिन्यात गोधडी घेऊन झोपती ही, डॉक्टर. आम्ही सगळे गच्चीवर, आन ही खाली गोधडीत." तासगावचा मे आणि गोधडी, एवढे पुरे होते. प्रश्नावलीच्या २२ विधानांत थंडी वाजते का असे एकही विधान नाही, कारण ती ॲक्रोमेगॅलीसाठी बनवलेली आहे आणि ॲक्रोमेगॅलीत उलट घाम येतो. शून्यावर आलेला घाम मी उपचाराचे यश म्हणून मोजला होता. त्यातला काही भाग तरी दुसऱ्याच आजाराचा होता.

फ्री टी-४ मर्यादेच्या बरेच खाली निघाले. टीएसएच त्याही वेळी मर्यादेतच होते. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी, सुरू करण्याआधी सकाळचे कॉर्टिसॉल पाहिले, कारण ते कमी असताना थायरॉक्सिन आधी दिले तर रुग्ण गंभीर होऊ शकतो. ते पुरेसे होते. ५० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा पुढे ७५ वर नेली, आणि आता मात्रा ठरवताना फ्री टी-४ हाच आधार आहे.

यानंतर जे घडले त्यासाठीच मला हे प्रकरण लिहावेसे वाटले. थायरॉइडची कमतरता भरून निघाल्यावर ऑक्टोबरमध्ये आयजीएफ-१ पुन्हा तपासला, तर तो १.२ पट. गाठ वाढलेली नव्हती, इंजेक्शन एकही चुकलेले नव्हते. थायरॉइड कमी असताना यकृत आयजीएफ-१ कमी बनवते, म्हणून जूनमधला ०.९ हा आकडा अंशतः खोटा दिलासा होता. ज्या रक्ततपासणीच्या जोरावर मी रुग्णाच्या तक्रारीला "कागदोपत्री सगळे ठीक" म्हणणार होते, तीच तपासणी त्या तक्रारीच्या मूळ कारणामुळे बिघडली होती. ऑक्ट्रिओटाइडची मात्रा ३० मिलिग्रॅम केली. इंजेक्शनाचा खर्च त्यामुळे वाढला आणि घरात त्यावरून दोन दिवस बोलाचाली झाली, हेही नोंदवायला हवे, कारण त्या महिन्यात मी पाठवलेल्या निरोपाला घरून उत्तर म्हणून "बघतो" एवढेच आले होते.

जे उरले

डिसेंबरमध्ये, शस्त्रक्रियेनंतर सोळा महिन्यांनी, आयजीएफ-१ मर्यादेच्या आत आहे. थकवा ८ वरून ३ झाला. जीवनमान: शरीर २६, दिसणे १९, नाती २४, एकूण ६९, पट्टीवर ५३.४. मागच्या नोव्हेंबरच्या ४८.९ पेक्षा हा आकडा थोडाच मोठा दिसतो, पण तेव्हाचा घरी बसून मिळालेला होता आणि हा रोज सहा तास विरळणी करून. हा फरक पट्टीवर दिसत नाही, म्हणून माझ्या कागदावर आता एक जादा रकाना आहे: गेल्या चार बाजारांत किती दिवस रोजाने गेल्या.

झोपेचे प्रकरण अर्धवट आहे. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे या विकारात फार आढळते, आणि सूज उतरल्यावर ते सुधारते पण कित्येकांत पुरते जात नाही. त्यांच्या झोपेच्या तपासणीत तासाला ३४ वेळा श्वास अडत होता, आता १९ वेळा. हवेच्या दाबाने श्वास मोकळा ठेवणारा, नाकावर लावायचा मुखवटा घरी आहे. रात्री वीज गेली की तो बंद पडतो आणि एकदा काढला की पुन्हा लावला जात नाही.

सांध्यांचे गुण ६ वरून ५ झाले ते तिथेच थांबले. इतर देशांतील अभ्यासांतूनही दिसते, की आयजीएफ-१ काबूत आलेल्या रुग्णांचे जीवनमान निरोगी माणसांच्या बरोबरीला सहसा येत नाही आणि त्यात सांध्यांच्या दुखण्याचा वाटा मोठा असतो. गुडघ्यांसाठी व्यायाम चालू आहेत, आणि गावातल्या लोहाराकडून कात्रीच्या कड्या मोठ्या करून घेतल्या. हातांच्या कामाविषयीच्या विधानाचे गुण दोनाने वाढले ते औषधाने की लोहाराने, हे मला सांगता येणार नाही.

दिसण्याचा भाग जूनमध्ये एका गुणाने उतरून पुन्हा नोव्हेंबरच्याच १९ वर आला आहे, त्याच्या वेगळ्या पट्टीवर ४२.९. जबडा आणि कपाळ जसे आहेत तसेच राहणार आहेत, हे त्यांना ठाऊक आहे. या भागात औषधाच्या मात्रेने काही हलेल असे मला वाटत नाही, म्हणून तेथील एकेक विधान वेगळे पाहते. फोटोविषयीचे उत्तर होते तसेच आहे. आरशाविषयीचेही तेच. नात्यांच्या भागातले चारचौघांत जाण्याविषयीचे मात्र एका पायरीने वर आले आहे. येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाला जाणार का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सून जाती. म्या घरी वाण देते, आल्या तर." घरी येणाऱ्यांना वाण देताना हात पुढे करावाच लागतो, हे मी बोलले नाही; ते त्यांनी हिशेबात धरलेले असणार.

पुढची मोजणी मार्चमध्ये, माल उतरल्यावर. यापुढे दर वर्षी मार्च आणि नोव्हेंबर याच दोन महिन्यांत, टाके-पट्टीच्या खोलीत, एकट्याने, आण्यांत. रक्त त्याच दिवशी घ्यायचे, फ्री टी-४ सह, पण अहवाल हाती येण्याआधी प्रश्नावली भरून झालेली असली पाहिजे, आणि थंडी-गोधडीचा प्रश्न कागदाच्या तळाशी हाताने लिहून ठेवला आहे.